हिरव्या दिव्यावर थांबलेली माणसं

प्रिय मानांग लुडिंग,

तुला फोन केला की तो शेजारच्या नेनाच्या हातात असतो आणि ती सांगते, "मानांग कपडे वाळत घालतेय." एवढे कपडे तुझ्याकडे आले कुठून? मी काही विचारत नाही. थोरल्या बहिणीने बोलणं टाकलं तर धाकट्याने गप्प बसावं, हे मला कळतं. तुझा राग कशाचा तेही कळतं. गावच्या संगीत नाटकातली आपल्या तातायची भूमिका मी इथे इलोइलो शहरात रस्त्यावर आणली, आणि तीही विनोदी करून. "बापाला रस्त्यात आडवा घालून लोकांना दात काढायला लावतोस, तोतो," असं तू म्हणालीस, आणि त्यानंतर काही बोललीच नाहीस. पण लोक कसे हसतात ते तू पाहिलेलं नाहीस. म्हणून हे लिहितो.

ताताय तो चिक्कू जमीनदार कसा करायचा, आठवतं ना? शेवटच्या अंकात तो मरायचा आणि त्याची बायको शवपेटीजवळ उभी राहून शोकाचं गाणं म्हणायची. ते इतकं लांबायचं की मुलं झोपून जायची. एकदा ताताय मेलेला असताना त्याला मुंगळा चावला आणि त्याने पोटरी खाजवली. सगळं मैदान हसलं. आई त्याच्यावर किती चिडली होती. तो म्हणाला, "रडवलेली माणसं न जेवता झोपतात गं. हसवलेली दोन घास जास्त खातात." पुढे तो होडी घेऊन गेला, वादळ आलं, तो परतलाच नाही, आणि गावात ते नाटक कुणी पुन्हा केलं नाही.

आमच्या इथल्या नाटकमंडळीची म्होरकी जोवेलिन. शाळेत शिकवते, आवाज खणखणीत. बाजाराजवळच्या चौकात दिवा लाल झाला की आम्ही पांढऱ्या पट्ट्यांवर धावतो आणि दिवा हिरवा व्हायच्या आत अख्खा शेवटचा अंक उरकतो. मी जमीनदार, जोवेलिन माझी विधवा. ती घाईघाईने शोक करते, दिवा बदलतो, मागून हॉर्न वाजतात. पहिला हॉर्न वाजला की मी पुठ्ठ्याच्या शवपेटीचं झाकण उचलून ओरडायचं, "आटप गं बाई, तुझ्या रडण्यापायी मला गाडीखाली दुसऱ्यांदा मरायचंय का?" आणि स्वतःची पेटी स्वतःच डोक्यावर घेऊन पळायचं. मासळीवाल्या बाया हसून हसून टोपल्यांवर रेलतात. एक तर रोज ओरडते, "अरे मेल्या, मालमत्ता कुणाच्या नावावर केलीस ते तरी सांगून मर!" मोटारीतले साहेब आधी समोर बघत बसतात, मग हळूच काच खाली करतात. एकदा दोन नन तोंडावर हात धरून हसताना दिसल्या, तेव्हा माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. यात तातायचा अपमान मला कुठे दिसला नाही, मानांग.

मागच्या आठवड्यात मात्र वेगळंच झालं. आमची पुठ्ठ्याची पेटी पावसात भिजून लगदा झाली होती. मी ज्या सुताराकडे काम करतो तिथे शवपेट्याही होतात. मालकाने एक साधी, खरी पेटी तेवढ्यापुरती दिली. घाईत कुणाच्याही मनात काही आलं नाही. दिवा लाल झाला, चौघांनी मला उचलून आणलं, जोवेलिन काळ्या ओढणीत मागून आली. माझ्यावर झाकण होतं. मी हॉर्नची वाट पाहत पडलो होतो.

हॉर्न वाजलाच नाही. जोवेलिनचं गाणं संपलं, तिने ते पहिल्यापासून धरलं. पुढच्या, प्रवाशांनी भरलेल्या जीपनीतला रेडिओ बंद झाल्याचं मला ऐकू आलं. मागे कुणीतरी कुरकुरलं, तेव्हा ड्रायव्हर दबक्या आवाजात म्हणाला, "मयत चाललंय, दिसत नाही? हिरवा आपल्याला आहे, त्यांना नाही." आपल्याकडे मयताला आडवं कुणी जात नाही, हे का मला माहीत नव्हतं? पण आमच्या थट्टेची सगळी मदार लोकांच्या घाईवर होती, आणि पेटी खरी म्हटल्यावर लोकांनी घाईच सोडून दिली होती. झाकण उचलायला माझा हात वर गेला आणि तिथेच थांबला. मासळीवाल्याही गप्प होत्या. रोजच्या होत्या त्या, आम्हाला ओळखत होत्या, तरी गप्प होत्या.

मग कुणा म्हातारीचा आवाज आला, "इंदाय, पोरी, नाव काय गं यांचं?" जोवेलिन गांगरली. तालमीत आम्ही त्या भूमिकेला तातायच्याच नावाने हाक मारतो. तिच्या तोंडून तेच निघालं, "फेलिसियानो." म्हातारीने प्रार्थना धरली. हे प्रभो, फेलिसियानोला चिरंतन विसावा दे. आणि चौकातले सगळे तिच्यामागून म्हणू लागले.

चौघांनी मला उचलून चर्चच्या भिंतीआड नेलं. म्हातारी पाठोपाठ आली होती, म्हणून लपता आलं नाही. मी उठून बसलो तशी तिने छातीवर क्रूस काढला आणि मग हातातल्या पंख्याने माझ्या खांद्यावर दोन फटके दिले. "जिवंत आहेस तर पडून काय राहिलास, पोरा? माझी जीपनी गेली!" मी म्हटलं, "लोला, माफ करा. पण फेलिसियानो खरा आहे. माझा बाप. समुद्राने नेला. त्याच्यासाठी ही प्रार्थना आजवर कुणी केली नव्हती." तिने पंखा काखेत मारला. म्हणाली, "मग फुकट नाही गेली." आणि पुढची जीपनी पकडायला निघून गेली.

मानांग, तातायसाठी मयतानंतरची नऊ दिवसांची प्रार्थना तू कधी होऊ दिली नाहीस. "मयत दाखवा, मग प्रार्थना करा," असं तू फादरना उंबऱ्यातच सांगितलंस. तेव्हा तू वीस वर्षांची होतीस आणि माझ्याही मनात तेच होतं. मग वर्षं गेली आणि तुला विचारायची कुणाला छाती झाली नाही, मला तर नाहीच. पुढच्या महिन्यात मृतांचा दिवस येतोय. तातायचं नाव आपल्या गावच्या चर्चमध्ये, गेलेल्यांच्या नावांबरोबर वाचलं जावं असं मला वाटतं. एवढं विचारायलाच हे पत्र लिहिलं. नाटकाचं भांडण तू हवं तितकं चालू ठेव. तू हो म्हणेपर्यंत मी फादरकडे जाणार नाही. त्या दिवशी सगळा चौक आमेन म्हणाला, मानांग. पेटीत पडल्या पडल्या ते माझ्याही ओठांवर आलं होतं. पण मी म्हटलं नाही. ते तुझ्याशिवाय म्हणायचं नव्हतं.

तुझाच,
तोतो