दोन्ही पायांवर पाणी

पाटण, ४ मे

ती. स्व. वन्सं यांना संयोगिताचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

सोनिया तुमच्याकडे सांगलीला आल्यापासून तुमचा फोन तिच्याच हातात असतो आणि आलेला मेसेज ती आधी वाचते, म्हणून हे पत्र. बर्फात ह्यांचा डावा पाय गेला, गुडघ्याखाली काढावा लागला, हे पोरीला कळू द्यायचं नाही असा तुमच्या भावाचा हुकूम आहे. पप्पा अजून सीमेवर चौकीवरच आहेत म्हणायचं. पुण्याच्या इस्पितळात नवा पाय बसवलाय, पंधरा तारखेला घरी येतील.

पण लंगडत लेकीसमोर जाणार नाही म्हणतात. सुट्टीला तुमच्याकडे आलीच आहे, तर वर्षभर तिकडच्याच शाळेत घाला, असं ठरवून मोकळे झाले. मी रडले, भांडले, ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. नऊ वर्षांची पोर घरापासून तोडायची कशी? माझं डोकंच चालेना. तरी शाळेची चौकशी करून ठेवा.

मामंजींच्या माघारी तुमचाच आधार, तो राहू द्या.

तुमची,
संयोगिता

सांगली, ९ मे

चि. सौ. संयोगितास मंगलचे अनेक आशीर्वाद.

शाळेची चौकशी केली नाही, करणारही नाही. आधी काय झालं ते वाच. शक्तीवाल्या कुटुंबाच्या त्या कार्टून सिनेमाचा दुसरा भाग लागलाय. पहिला तुम्ही तिला फोनवर इतक्यांदा दाखवलाय की मलाही पाठ झाला. हट्टच धरला, म्हणून नेली. थोडा वेळ होतोय तोवर त्यातल्या बापाची उडायची शक्तीच गेली! आणि सगळं घर ते धाकट्या लेकीपासून लपवायला लागलं. पोटात दुखतंय, घरी चल, असं म्हणून बघितलं. बया हलली नाही.

एरवी शिट्ट्या मारणारं थेटर गप्प झालं होतं. शेजारचा एवढा दांडगा गडी, पोराला मांडीवर घेऊन डोळे पुसत होता. उडणं बघायला लोक येतात असं मला वाटायचं. तसं नाही गं, आपल्यासारखंच रुसणारं, लपवणारं घर दिसतं म्हणून येतात.

बाहेर आल्यावर सोनिया चिडलेली. बापाची शक्ती गेली ह्याचं काही नाही. त्या पोरीला का न्हाई सांगितलं, ती काय परकी हाय, असं मलाच विचारत होती. मला जेवण गेलं नाही.

सासूबाई अंथरुणावर, मला निघता येत नाही. आमचे हे पंधराला तिला घेऊन येतील. भावाला माझा राग कळव.

तुझी,
मंगल

पाटण, १२ मे

ती. स्व. वन्संना सा. न.

सोनियाला पाठवताय, हे ह्यांना सांगितलं. पोर दारात दिसली तर गाडी तशीच परत फिरवीन म्हणाले, आणि त्यांचा शब्द तुम्हाला ठाऊक आहे. पाया पडते, तिला पाठवू नका.

संयोगिता

पाटण, १७ मे

ती. स्व. आक्कास वीरधवलचा नमस्कार.

तू ऐकणारी नव्हेसच. गाडी दारात थांबली तर उंबऱ्यावर सोनिया, हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या, माझ्या दर सुट्टीला असते तशीच. ड्रायव्हरला गाडी वळव म्हणालो. तोवर दाजी आडवे उभे.

उतरलो. तिनं तुकडा ओवाळून टाकला, उजव्या बुटावर पाणी घातलं. बास झालं, आत चल म्हणालो. ती खाली बसली आणि डाव्या बुटाची नाडी सोडायला लागली. आक्का, बर्फात मी एवढा भ्यालो नव्हतो. तिनं बूट काढला, त्या नव्या पायावर सावकाश पाणी घातलं, फ्रॉकनं पुसला. वल्ला पाय घेऊन आत येऊ नका, घसराल, एवढंच म्हणाली. मग मी रडलो, सगळ्यांदेखत.

आत्तीचं पोट नेमकं तवाच कसं दुखलं, म्हणून तिला संशय आला होता म्हणे. वाटेत दाजींना इतकं बेजार केलं की त्यांनी पायाचं सगळं सांगून टाकलं.

शाळा इथलीच. तो सिनेमा मला दाखवायचा असं तिनं ठरवलंय. पुढच्या रविवारी आम्ही तिघं येतो. थेटरच्या पायऱ्यांना कठडा आहे का, तेवढं बघून ठेव.

तुझाच,
वीरधवल