बैल नसलेली गाडी

बोटेटी नदीकाठ,
ऑक्टोबर १८७१

प्रिय अलेटाताई,

आईचे गुडघे कसे आहेत? यंदा पीचला बहर आला का? आमचं ठीक चाललंय. कॉफी संपली, म्हणून कसलीशी मुळं भाजून उकळते. बारेंड म्हणतो, लग्न झाल्यापासून तू करतेस त्या कॉफीपेक्षा हीच बरी.

शिकार भरपूर झाली. गाडीत हस्तिदंत इतके भरलेत की झोपायला जागा नाही. फक्त बैल गेले. आमचा गाडीवान केबोन्ये आधीच म्हणाला होता, "मालक, त्या झाडीत माशी आहे. चावली की बैल संपला." बारेंड हसला. "हत्ती तिथंच आहेत ना? मग मी काय कोंबड्या मारायला आलोय?"

एकेका बैलाच्या जबड्याखाली सूज आली, मग सगळेच खंगत गेले. शेवटचा जोखडातच बसला तो उठलाच नाही. गाडी थांबली तिथंच आहे, आणि आम्ही गाडीत.

तू म्हणशील, पायी का येत नाही? बारेंडच्या पायाला जरा लागलंय.

जरा नाही, ताई. जखमी हत्तिणीनं त्याला तुडवलं. गुडघ्याखाली हाड बाहेर आलंय, जखम सडत चाललीय. त्या वासानं मला घास गिळवत नाही, आणि आता मला दोन जिवांचं खायचंय. हे आईला अजून माहीत नाही.

केबोन्ये आज त्याच्या राजाच्या गावाहून बैल आणायला निघतोय. काल मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, तुम्हीही चला. पुढं तुम्हाला चालवणार नाही. आणि बैल येईपर्यंत मालक टिकायचे नाहीत, तुम्हालाही दिसतंय."

"त्यांना पाणी कोण पाजणार?"



बारेंडनं ऐकलं असावं. सकाळी म्हणाला, "जा तू. गाडी राखायला मी एकटा पुरे."

मी बूट घातले, बिस्किटं फडक्यात बांधली. निरोप घ्यायला वाकले, तर त्यानं माझ्या झग्याचा काठ मुठीत धरला. तोंडानं "जा, जा" म्हणत होता आणि मूठ सोडत नव्हता. असा संताप आला मला! यानंच आणून बसवलं ना इथं? तापानं गळून गेलेल्या माणसाची मूठ ती, तिच्यात जोर कसला? सहज सोडवता आली असती.

मी बूट काढले.

केबोन्ये या पत्रासाठी बाहेर खोळंबलाय. "बाई, ऊन चढतंय," म्हणतो. तुमच्याकडून कुणी आम्हाला न्यायला निघालंच, तर माशीच्या झाडीला वळसा घालून या म्हणावं. आईला सांग, हेस्टर मजेत आहे.

तुझी,
चालता येत असून थांबलेली,
हेस्टर