लग्नासाठी राखलेला टायर

अण्णा,

काल नातवाच्या गाडीचा टायर पंक्चर झाला. ठिगळ लावून भागेल की नवाच टाकावा, यावर तो आणि त्याचा बाप अर्धा तास वाद घालत होते, आणि मी व्हरांड्यात बसून मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. बाकी सगळी भांडणं मिटली, हे एक मी मिटू दिलेलं नाही.

तुमची ती लाल गाडी. एका जहागीरदाराकडून उतरत्या किमतीत घेतलेली, बुटकी, बिनटपाची, दोनच माणसांची. शर्यतीत पळवायला केलेली गाडी घेऊन मुरमाच्या रस्त्यानं कोर्टात जाणारे उस्मानाबादेत तुम्ही एकटेच वकील. आई तिला सवत म्हणायची. जर्मनीची लढाई चालू होती, टायर कुठं मिळत नव्हते, तरी तुम्ही एक कोरा टायर पैदा केलात आणि देवघराशेजारच्या खोलीत दोरीनं टांगून ठेवलात. दसऱ्याला आईनं त्याला हळदकुंकू लावलं. तो दादाच्या लग्नासाठी होता. मुलीकडच्यांना नवरदेव लाल गाडीतूनच यायला हवा होता, आणि वरातीत गाडी मध्येच बसली असती तर तुमची अब्रू गेली असती. म्हणून त्या टायरला कुणी हात लावायचा नव्हता.

मला पुण्याच्या कॉलेजात जागा मिळाली होती. शनिवारी हजर नाही झालं तर ती दुसरीला जाणार होती. शुक्रवारी बार्शीला आगगाडी गाठायची, आणि गुरुवारी सकाळी बाजारातून येताना बैलाच्या नालाचा खिळा मागच्या टायरात घुसला. तुम्ही गाडी तशीच घरापर्यंत रेटलीत, त्यामुळं टायरच्या बाजूला बोटभर चीर पडली. बार्शीची बस निघून गेली होती, पुढची शनिवारी.

अंगण मला अजून दिसतं. पंक्चरवाला चाचा काढलेलं चाक पुढ्यात घेऊन उकिडवा बसला आहे.

"नीट होईल का?" तुम्ही विचारता.

"हो जायेंगा, साब. ट्यूब कू ठिगल मारतूं, टायर कू अंदर से टुकडा चिपका को देतूं."

"बार्शीपर्यंत टिकेल?"

"अब मैं क्या बोलूं? जायेंगा बी, बैठेंगा बी."

चाचा चाक घेऊन दुकानाकडं गेला. मी म्हटलं, "अण्णा, घरात कोरा टायर आहे की."

"तो लग्नाचा आहे."

"मला सोडून आल्यावर पण तो लग्नाचाच राहील."

तुम्ही खुर्चीत मागं टेकलात. "हं. दलील पुरी कर."

मी केली. गाडीला जादा चाक उरलेलं नाही, मागं त्याच्या जागी माझी ट्रंक बांधायची, म्हणजे वाटेत बदलायला काही नाही. कोरा टायर सुटा घेतला तर निजामाची हद्द संपते तिथल्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर, चोरून विकायला नेताय म्हणून अडवतील. तेव्हा तो चाकावरच चढवावा. तुम्ही सगळं ऐकलंत, मान डोलावलीत आणि निकाल दिलात, "ठिगळ लावायचं. बसलीच गाडी वाटेत, तर पुढच्या वर्षी जाशील. कॉलेज कुठं पळून चाललंय?"

"आणि वरात पुढच्या वर्षी निघाली तर?"

"जीभ आवर."

आई चौकटीतून म्हणाली, "व्हय की! लेकीनं काय वंगाळ इचारलं?"

मी थांबले नाही. आत जाऊन विळीनं दोरी कापली, पदर खोचला आणि हळदकुंकू लावलेला तो टायर दारातून रस्त्यावर काढला. वकिलाची मुलगी भर सकाळी बाजारपेठेतून टायर ढकलत चालली आहे आणि दुकानदार तराजू सोडून बघत आहेत. पानाच्या दुकानावरून कुणी तरी ओरडलं, "काय गं, सर्कशीत चाललीस व्हय?"

"न्हाय, कॉलेजात!"

मागून तुमच्या वहाणांचा आवाज आला. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत थोबाडीत बसणार. तुम्ही जवळ येऊन म्हणालात, "सोड. हात काळे झालेत." आणि चाचाच्या दुकानापर्यंतचा राहिलेला रस्ता टायर तुम्ही ढकललात, काळ्या कोटात, ताठ मानेनं, कुणाकडं न बघता.

दुसऱ्या दिवशी आपण त्याच टायरवर बार्शीला गेलो. आगगाडी हलायला लागली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणालात, "दलील कच्ची होती तुझी. ठिगळानंही पोचलो असतो."

आणि घरी जाऊन काय केलंत? कोरा टायर उतरवून पुन्हा टांगलात, ठिगळाचा चढवलात, आणि वरातीपर्यंत त्यावरच हिंडलात. दिवाळीला बार्शीहून मला आणलंत तेही त्याच टायरवर. घरी उतरल्यावर त्याच्यावर थाप मारून म्हणालात, "बघ." मी तोंड फिरवून आत गेले.

माझी दलील कच्ची नव्हती, अण्णा. अपुरी होती. राहिलेली आज पुरी करते, तुम्हाला ऐकावी लागेल. ठिगळ टिकेल का, हा प्रश्नच नव्हता. नाही टिकलं तर कुणाचं जाईल, हा होता. वरातीत गाडी अडली असती तर तुमची अब्रू गेली असती, म्हणून तिच्यासाठी कोरा टायर. बार्शीच्या वाटेवर अडली असती तर माझं वर्ष गेलं असतं, आणि त्याला ठिगळ पुरत होतं. 'पुढच्या वर्षी' म्हणालात तेव्हा तुमचा आवाजही बदलला नव्हता. टायर धड राहिला म्हणून ते बोलणं बरोबर ठरत नाही. पुढं मी शिकवलं, बाहेर एकटी राहिले, माझ्या मर्जीनं लग्न केलं, आणि माझ्यातलं काहीही कुणाच्या सोयीसाठी पुढच्या वर्षावर ढकलू दिलं नाही. काल त्या दोघांनाही मी एवढंच विचारलं, "वाटेत गाडी अडली तर खोळंबा कुणाचा होणार? त्याला विचारा."

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं; तुम्ही लगेच उलटतपासणी घेतली असती, आणि एका प्रश्नाला मला खरं बोलावं लागलं असतं. त्या दिवाळीत तुम्ही हातपाय धुवायला गेलात, तेव्हा मी परत अंगणात आले होते आणि वाकून, टायरच्या चिरेत बोट घालून बघितलं होतं. ठिगळ पक्कं होतं.