गिऱ्हाईकाच्या डब्यात नाक

आप्पा, आज मी एक डबा न दळता परत पाठवला. तुम्ही असता तर भर गिरणीत माझी खरडपट्टी काढली असतीत, हे मला ठाऊक आहे, आणि तरी उद्या असा डबा आला तर उद्याही पाठवीन.

सातवीत होते मी. घाटकोपरच्या आपल्या गिरणीत डब्यांवर चिठ्ठ्या लावत होते, तेव्हा एका बाईंच्या बाजरीला कुबट वास आला आणि मी तो बोलून दाखवला. त्यांच्यादेखतच तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाईकाच्या डब्यात नाक घालायचं नाही. धान्य त्यांचं, आपला फक्त दगड." माझे कान तापले. तुम्ही ती बाजरी दळलीत. संध्याकाळी गिरणी बंद करताना तुम्ही नेहमीसारखं दगडाभोवतीचं, जमिनीवरचं पीठ झाडून पिशवीत भरलंत. गहू, ज्वारी, बाजरी, कुणाचं काय, सगळं एकत्र. आई ते चाळायची आणि तुमच्यापुरती भाकरी थापायची. आम्हा पोरांना गव्हाची पोळी, तुम्हाला झाडलेल्या पिठाची भाकरी. "अन्न आहे, टाकायचं नसतं," म्हणत तुम्ही ती ठेच्याशी खायचात. तीस वर्षं खाल्लीत.

मग तुमचं लिव्हर गेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, किती पिता? लिंबू-सोडासुद्धा 'लांबून तसलं दिसतं' म्हणून न पिणारा माणूस तुम्ही. चाळीतल्यांनी माना डोलावल्या. मामा म्हणाला, "दिवसभर गिरणीत असतात, कोण बघायला जातंय?" तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून राहिलात. त्याचा राग मला अजून येतो.

समोरच्या सोसायटीतली एक मुलगी अंधेरीला धान्य तपासायच्या लॅबमध्ये आहे. तिच्याकडून मला कळलं की ओल लागलेल्या धान्यावरची बुरशी विष सोडते, आणि ते थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं की लिव्हर पोखरतं. तुमचं त्यानेच झालं, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण दारूने झालं नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगते. मामाला तर त्याच्या मुलीच्या लग्नात, पंगतीत सांगितलं.

आज आपल्या जुन्या गिऱ्हाईक मावशी ज्वारी घेऊन आल्या. सुनेच्या माहेरची, काढणीत भिजलेली, दाणे काळपट. मी डब्यात नाक घातलं आणि झाकण लावलं.

"धुऊन वाळवलीय गं, चार दिवस गच्चीवर होती."

"बुरशी धुतली जाते मावशी, तिचं विष नाही जात. भाजून पण नाही."

"तुझ्या बापाने कधी नाही म्हटलं नाही हां मला."

"म्हणून तर मी म्हणते. आणि तुमच्यामागे बाळाच्या नाचणीचा डबा आहे. दगडात राहिलेलं तुमचं पीठ त्याच्यात जाणार."

मावशी तणतणत दुसऱ्या गिरणीत गेल्या. जाऊ देत. माझ्याकडची चांगली ज्वारी देऊ केली, तीही घेतली नाही. दगडाभोवतीचं पीठ मी रोज झाडते आणि रोज कचऱ्यात टाकते. अन्नाचा अपमान म्हणायचं तर म्हणा. माझ्या घरात ती भाकरी होणार नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते चिठ्ठ्यांच्या डब्यातच राहील. म्हणून एक सांगून टाकते. मामा तसं बोलला त्या दुपारी, तुम्ही हॉस्पिटलात असताना, मी गिरणी उघडली. मोटरच्या मागे तुमची पाण्याची बाटली होती. झाकण काढून मी वास घेतला. पाणीच होतं. तरी मी पुन्हा एकदा वास घेतला.