इनासची घोंगडी

कल्याण, २ जानेवारी १८९५
इनासच्या कोटाला अस्तर लावून झालं. कल्याणहून नाशिक आणि परत, अशी सायकलींची शर्यत. रेल्वेचे तीन साहेब, आणि चौथे आमचे चिरंजीव, तारऑफिसातले कारकून. कोट साहेबांसारखाच हवा, जाड आणि गळ्यापर्यंत बंद. म्हटलं, घाम जाईल कुठे? "माय, तुला त्यातलं काय कळतंय!" कॉन्व्हेंटातली सगळी वर्षं शिवण शिकण्यात गेली माझी. मला काय कळणार.

४ जानेवारी
झोपेवरून वाद. मी : कसाऱ्याच्या धर्मशाळेत नीज, उजाडल्यावर घाट चढ. तो : साहेब निजणार नाहीत. फार तर झाडाखाली डोळा मिटीन.
म्हटलं, मीट. पण घामाच्या कपड्यांत नको. आधी कोरडा सदरा, मग घोंगडी, मग झोप. तुझे वडील घाटात रस्त्याच्या कामावर भिजले नि तसेच निजले. त्या खोकल्यानेच गेले. तू पाळण्यात होतास.
ऐकलं की नाही, कोण जाणे.
सिस्टर बेनेडिक्टा आठवली. निजण्याआधी प्रत्येकीच्या कॉलरीत बोट घालून बघायची. ओलं लागलं की, ऊठ, बदल. बोट थंडगार. मान अजून शहारते. एवढी काळजी मग कुणी... जाऊ दे.

५ जानेवारी
ह्यांची घोंगडी पेटीतून काढली. कोरडा सदरा आत गुंडाळून बैठकीमागे बांधून दिली.
"माय, धनगर दिसेन मी."
"दीस. मेंढरं नाहीत एवढंच."
हसला. हसला की अगदी ह्यांच्यासारखा.

७ जानेवारी
गेला. मडमा रुमाल हलवत होत्या. मी जवळ जाऊन कॉलरीत बोट घातलं. झटकलं. "माय, लोक बघतात!"

८ जानेवारी
आंबिवलीच्या फाटकावरची चांगुणा आली. हे रस्त्याच्या कामावर होते तेव्हापासूनची ओळख. काखेत घोंगडी.
"बाय, तुजा पोर ही काल टाकून गेला. सायब हसत व्हते त्याला. बोलला, येताना नेन."
गुंडाळी सोडली. सदऱ्याची घडीही मोडलेली नाही.
चांगुणाला चहा दिला. तिच्यावर कशाला रागावू.

१० जानेवारी
साहेब परतले. तिघेच. जिमखान्याच्या पायरीशी जाऊन उभी राहिले. माझं इंग्रजी ऐकून पिवळ्या मिशांचा दचकला. मग भडाभडा बोलला. इनास सगळ्यांच्या पुढे होता म्हणे! घाट रातोरात चढला. सकाळी साहेबांना माथ्यावर रस्त्याकडेला दिसला, सायकल झाडाला टेकलेली, कोट गळ्यापर्यंत बंद, झोपलेला.
"मग उठवलं का नाही?"
"शर्यतीत कोणी कोणाला उठवतं का, मॅडम? फार गोड झोपला होता."
परतताना तिथे नव्हता. सायकलही नव्हती.
दुसरा म्हणाला, कोट मात्र फार सुरेख, शिंपी कोण?
म्हटलं, मी.

११ जानेवारी
तारऑफिसातल्या सोबत्यांनी घाटापलीकडच्या सगळ्या स्टेशनांना विचारलं. दुपारी इगतपुरीहून उत्तर. दवाखान्यात एक तरुण आहे, ताप फार, नाव सांगत नाही. अंगात जाड कोट. कुणाला काढू देत नाही.
इनासच्या जागेवर बसणाऱ्या मुलाने तार वाचून दाखवली नि मान खाली घातली. सायकलीबद्दल काही नाही. मीही विचारलं नाही.
घोंगडी उन्हात घातली आहे. सदरा होता तसाच. उद्या सकाळच्या गाडीने जाते.
कोट मला काढता येईल. गळ्याचं काज मीच घट्ट ठेवलं होतं. बटण आडवं केल्याशिवाय ते सुटत नाही.