जहाजावर पाठवलेल्या कॅसेटींबाबत

मी, खाली सही करणार, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणी न सांगता लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. अक्षर हललं आहे ते वयाने नव्हे, कलम चारमुळे.

कलम १. दोन खोल्यांचं राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका मुलीला. मागची खिडकी पावसात फुगते. ओढू नये, उचलून लावावी.

कलम २. शिलाई मशीन खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना.

कलम ३. कापडाची मोठी कात्री जाऊबाईंना मुळीच देऊ नये. एकदा तिने कागद कापला आणि वर म्हणाली, "कात्रीला काय कळतंय?" कात्रीला कळतं.

कलम ४. अकरा कॅसेटी. नवरा जहाजावर इंजिनात कामाला होता. मला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून मी बोलून कॅसेट पाठवायची. ते वारल्यावर त्यांच्या पेटीतून त्या परत आल्या. मी कधी लावल्या नाहीत. हे कागद करायला घेतले तेव्हा समोरच्या घड्याळजींकडून टेप दुरुस्त करून घेतला. एक लावून बघताना ते म्हणाले, "काकू, ही कोण हो? फार तोऱ्यात बोलते."

म्हटलं, "मीच ती."

ते स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले. तो हातातच होता.

सातव्या कॅसेटमध्ये ती तोऱ्यातली बाई सांगते, "यंदा येऊ नका. पोर तुमचं नावही काढत नाही." हे खोटं. मी नुकतीच कपड्यांच्या कारखान्यात लागले होते. हे आले की काम सोडायला लावणार होते. त्याच वाक्यामागे, लांबून, पोरीचा आवाज आहे, "आई, बाबांना सांग ना, लवकर या!" मला वाटायचं, यंत्र जवळचंच पकडतं. त्यांनी तो ऐकला असणार. तरी आले नाहीत, मी नको म्हटलं म्हणून. त्याच वर्षी जहाजावरच वारले.

मुलगी आज बावन्न वर्षांची आहे. अजून म्हणते, "बाबांना आपली पडलीच नव्हती." मी ऐकून घेत आले. या महिन्यात तीनदा ती फीत ओढून काढायला घेतली, तीनदा पेन्सिलीने गुंडाळून परत ठेवली.

बाकीची कलमं मी गेल्यावर. हे कलम आजपासून लागू. सही होताच घड्याळजी टेप आणि सातवी कॅसेट मुलीकडे पोचवतील. ऐकून झाल्यावर तिने फोन करू नये, समोर यावं. भांडायचं असलं तरी. नाही आली, तरी घर तिचंच.

सही : (स्वतःची, अंगठा नव्हे)

साक्षीदार :
१. घड्याळजी. कॅसेट ऐकली आहे.
२. डॉक्टरीणबाई. मला तपासलं आहे, कॅसेट ऐकलेली नाही.

ठिकाण : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी अकरा