आठवडाभराचा टिलरी

सोमवार, १३ जानेवारी

टल्साच आलं! म्हणजे रविवारी आमच्यासमोर टल्साची टीम, इथे एरीत, आमच्या मैदानावर. जिंकेल तो उपांत्य फेरीत. हरेल त्याचा सीझन तिथेच खलास.

सकाळी मीटिंगमध्ये व्हॅन्डरमीर कोचने लाल जर्सी माझ्या अंगावर फेकली. सात नंबर. टिलरीचा.

"तुला काही शिकवायला नको. तू तर त्याच्या खोलीत राहिला आहेस," म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

माझं काम हेच. ज्या टीमशी गाठ असेल तिचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळी चाल चालवणारा, आठवडाभर सरावात मी व्हायचं. त्याच्यासारखं उभं राहायचं, ओरडायचं, चेंडू फेकायचा, म्हणजे रविवारी आमच्या बचावफळीला तो ओळखीचा वाटेल. आणि रविवारी मी? साध्या कपड्यांत, कडेला, टोपी घालून. खऱ्या मॅचमध्ये चेंडू फेकून चार वर्षं झाली. कधी कधी भाजीच्या दुकानातसुद्धा हात आपोआप मागे जातो.

पण डेझ टिलरी! लिंकनला कॉलेजात दोन वर्षं आम्ही एका खोलीत होतो. तेव्हा खेळायचो मी. टोपी घालून कडेला तो उभा असायचा.

मंगळवार, १४ जानेवारी

खेळाडूंना आज सुट्टी. मी दुपारभर टल्साच्या मॅचेस बघत बसलो. काय फेकतो! मागे सरकतो, एक क्षण वाटतं आता पडला, आणि तेवढ्यात चेंडू निघालेला असतो — लांब, एवढा लांब की कॅमेऱ्यालाही शोधावा लागतो. सगळ्या देशात आक्रमण त्यांचं तिखट आणि बचाव आमचा चिवट. टीव्हीवरचे पंडित हेच घोळून घोळून सांगतायत.

घरमालकीण विएचोरेक आजी खालून ओरडल्या, "एमेट, सूप गार होतंय! आणि त्या चोराला बंद कर!" टल्साचं तोंड त्यांना घरात चालत नाही. जेवताना म्हणाल्या, "त्याला आडवा पाडायचा. मारायचा नाही, नुसता आडवा. मी माळ जपतेय त्यासाठी."

"आजी, आठवडाभर तो मीच आहे."

"मग तू सांभाळून राहा बाबा. माझी माळ लागू पडते."

संध्याकाळी बायकोचा, कॅरिसचा फोन. ती शिकवते त्या आमच्या गावच्या हायस्कूलला वसंत ऋतूपासून फुटबॉलचा कोच हवाय. मुख्याध्यापक माझ्यासाठी थांबलेत, पण फार थांबणार नाहीत. म्हणाली, "मी तुला खेळ सोड म्हणत नाहीये. घरी ये म्हणतेय." मी म्हटलं, मॅच होऊ दे. ती म्हणाली, "दर वेळी एक मॅच असते, एमेट." मग फोन लेकीकडे, ओडीकडे. तिचा पुढचा दात पडला. मला दाखवण्यासाठी डबीत ठेवलाय म्हणे. "तू येईपर्यंत तो मोठा होईल का?" असं विचारलं. दात वाढत नाहीत गं सोने, डबीत.

बुधवार, १५ जानेवारी

आज — काय लिहू! आज मी खेळलो!

सराव छताखाली, बाहेर बर्फ. मी सात नंबर घालून उभा. समोर आमचीच बचावफळी, मध्ये ओसेई ब्रॅथवेट. आमचा कॅप्टन, छत्तीस वर्षांचा, या सीझननंतर निवृत्त होणार. समोर आला की भिंत चालत आल्यासारखा वाटतो. पहिलाच चेंडू मी डेझसारखा मागे पडत पडत लांब सोडला. गेला. पकडला. दुसरा तसाच. तिसऱ्या वेळी ओसेई माझ्यापर्यंत पोचला, पण चेंडू आधीच हातातून सुटला होता. तोही पकडला गेला!

आमच्या बचावाला पूर्ण सीझनमध्ये कुणी असं फोडलं नव्हतं.

"ए टिलरी!" ओसेई हेल्मेट काढून ओरडला. "काय खाऊन आलास आज?"

"आजींचं सूप."

"त्या म्हातारीला सांग, आम्हालाही पाठव!"

कोच चिडला नाही, खूश झाला. फळ्यावर दोन माणसं आणखी मागे सरकवली. लांबची फेक अडवायला. "रविवारी हा माणूस आपल्याला लांबूनच मारणार. मागे राहा. मागे!"

मी परत येताना गाडीत एकटाच हसत होतो. घराच्या दाराशी आल्यावर एकदम ओसरलं. टाळ्या नव्हत्या, गुणांची पाटी नव्हती, ओडी नव्हती. छताखालचे चाळीस-पन्नास लोक आणि दुसऱ्याचा नंबर. तेवढ्यावरही भूक भागली नाही, उलट खवळली.

गुरुवार, १६ जानेवारी

आज काहीच जमलं नाही. चेंडू जमिनीवर, चेंडू भिंतीवर. ओसेई पाठ थोपटून म्हणाला, "शाब्बास टिलरी! रविवारी अस्साच खेळ, देव तुझं भलं करो."

शुक्रवार, १७ जानेवारी

कोचने बाजूला घेतलं. दार लावलं. आमच्या दुसऱ्या क्वार्टरबॅकचा घोटा काही बरा होत नाही. "रविवारी जिंकलो, तर पुढच्या मॅचला तू यादीत. खरा गणवेश. तुझा स्वतःचा नंबर."

मी नुसतं "हो सर" म्हटलं. मग स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

म्हणजे हे सगळं — आजींची माळ, पंडितांचं भांडण, तलावावरून येणारा वारा किती जोराचा असेल याची चर्चा — आता माझंही आहे. एक पंडित म्हणतो, एरी जिंकणार, कारण थंडी. दुसरा म्हणतो, टिलरीच्या खांद्याला थंडी वाजत नाही. आजी टीव्हीला म्हणाल्या, "तुझ्या तोंडाला वाजत नाही, मूर्खा."

कॅरिसला यादीचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आवाजात आनंद आणला असता तिने. तो मला ऐकवला नसता.

तिला गादीच्या कोणत्या बाजूला झोपायला आवडतं हे आठवायला आज क्षणभर थांबावं लागलं. खिडकीकडच्या. खिडकीकडच्याच.

शनिवार, १८ जानेवारी

हे नीट लिहायला हवं.

टल्साचं विमान सकाळीच उतरलं. डेझचा फोन आला — "लेका, खायला घाल. तुझ्या गावात आलोय." तलावाजवळच्या त्या लहान हॉटेलात भेटलो. टोपी डोळ्यांवर ओढून आला, तरी वेटरबाईने ओळखलंच. "उद्या हरणार आहात तुम्ही, पण अंडी घ्या आज," म्हणाली.

मिठी मारली ती डाव्या हाताने.

मी तेव्हा मनावर घेतलं नाही. मग त्याने डाव्या हाताने साखर घातली. काटा डाव्या हातात. कोट काढलाच नाही, आत एवढी उबदार हवा असून. सॉसची बाटली उघडेना, तर माझ्याकडे सरकवली आणि बाहेर बर्फाकडे बघत बसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"डेझ."

बराच वेळ त्याने टोस्टचे तुकडे केले. मग खालच्या आवाजात — "खांदा ना? मागच्या मॅचच्या शेवटी. कुणालाच सांगितलं नाही. आमच्या डॉक्टरलासुद्धा 'आखडलाय' एवढंच. उद्या टाकीन कसंतरी. जवळचं जमतं. लांबचं..." आणि मान हलवली.

"मग खेळतोस कशाला?"

"तू नसतास खेळला?"

एका मॅचसाठी मी दोन्ही खांदे पणाला लावले असते.

मग तो हसला, पूर्वीसारखा. "आठवडाभर तू माझी नक्कल करतोयस ना? अरे, मी दहा वर्षं तुझी करतोय. ते मागे पडत पडत फेकणं कुणाचं? पावसात, लिंकनला, त्या शेवटच्या मॅचला. मी कडेला उभा होतो. तिथेच शिकलो."

मला ते आठवतच नव्हतं. त्याने सांगितल्यावर आठवलं — ओला चेंडू, चिखल, आणि कॅरिस लाल रेनकोटात उभी.

निघताना "सांगू नकोस" म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं. वचन दिलं असतं आणि सुटलो असतो. नुसतं म्हणाला, "ओडीला दात आला की फोटो पाठव."

दुपारी शेवटची मीटिंग. फळ्यावर अजून तीच दोन माणसं मागे. कोचने सगळ्यांसमोर विचारलं, "भेटलास म्हणे तुझ्या दोस्ताला. काय म्हणाला?"

एक शब्द पुरला असता. "खांदा." आमची सगळी फळी पुढे आली असती, त्याचा श्वास कोंडला असता, आणि पुढच्या आठवड्यात माझा स्वतःचा नंबर.

"मुलीची चौकशी केली," मी म्हटलं.

ओसेई माझ्याकडे बघत होता.

रविवार, १९ जानेवारी, सकाळ

अजून सांगता येईल. फोन समोरच आहे. आजी चर्चला निघाल्या, माझ्याही नावाने मेणबत्ती लावते म्हणाल्या. नको म्हणालो. त्यांना वाटलं चेष्टा करतोय.

रविवार, संध्याकाळ

हरलो.

तीन गुणांनी. डेझने एकही लांब चेंडू टाकला नाही. एकही! जवळ, जवळ, जवळ — दहा पावलं, पाच पावलं. आमची माणसं मागे लांबची वाट बघत उभी आणि तो पुढून कुरतडत राहिला. शेवटी शेवटी त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. प्रत्येक फेकीनंतर डाव्या हाताने दंड धरायचा. मी कडेला उभा राहून बघत होतो. आमच्या बाजूच्या लाखभर डोळ्यांत ते फक्त मलाच कळत होतं.

खरं लिहू? शेवटच्या फेकीला मी मनात म्हणालो, पोच. पोच! आणि पोचला. आणि मग आमच्या लोकांचा तो आवाज — आवाज नव्हेच, पन्नास-साठ हजार माणसं एकदम गप्प.

कपडे बदलायच्या खोलीत ओसेई गणवेशातच बसला होता. बूटसुद्धा काढले नव्हते. चौदा वर्षं खेळला हा माणूस, अंतिम सामना एकदाही नाही. मला बघून म्हणाला, "तो लांब का टाकत नव्हता रे?"

मी त्याच्या बुटाच्या नाड्या सोडवायला बसलो.

सोमवार, २० जानेवारी

सगळे कपाटं रिकामी करत होते. ओसेईच्या शेजारी जाऊन बसलो आणि सांगितलं. हॉटेल, डावा हात, बाटली, सगळं.

तो घडी केलेला टॉवेल पुन्हा उलगडून घडी करत राहिला. मग म्हणाला, "मला कळलं असतं तर मी त्याच खांद्यावर गेलो असतो. पहिल्याच फटक्याला. माझं कामच ते."

"माहीत आहे."

"म्हणून नाही सांगितलंस."

"हो."

"आणि माझं काय, एमेट?"

तो उठला. "नीघ. तलावावरून बर्फ येतोय, रस्ता बंद होईल." हात पुढे केला नाही. टॉवेल खांद्यावर टाकून गेला.

कोचलाही सांगायला गेलो. तो फोनवर होता, हातानेच 'मग, मग' केलं. मग राहिलंच.

कॅरिसला फोन केला. "मुख्याध्यापकांना सांग, येतोय." ती एकदम रडायला लागली. मी म्हटलं, अगं, आनंदाची बातमी आहे. म्हणाली, "तुझ्या आवाजात नाहीये."

आजींनी पिएरोगींचा, म्हणजे त्यांच्या सारण भरून उकडलेल्या करंज्यांचा, मोठा डबा बांधून दिला. गाल ओढला. "पुढच्या वर्षी खोली तशीच ठेवते." मी नाही म्हटलं नाही त्यांना.

मंगळवार, २१ जानेवारी

इंडियानातला पेट्रोल पंप. दुपार.

टल्साच्या कोचचा फोन! डेझचा खांदा गेला — शस्त्रक्रिया उद्या. दुसरा क्वार्टरबॅक डिसेंबरातच जायबंदी झाला होता, तिसरा अगदी नवखा. "आमची प्रत्येक चाल आठवडाभर तूच खेळला आहेस. येतोस का?" येत्या रविवारी! उपांत्य फेरी! एरीशी माझा करार सीझनबरोबरच संपला, आडकाठी कसली नाही. ओसेईला हे कळेल तेव्हा तो काय समजेल ते मला माहीत आहे. समजावता येणार नाही.

आधी कॅरिसला लावला. वर्गातून बोलावून आणलं तिला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ओडीला घेऊन शनिवारी टल्साला पोचते. आणि सोमवारी आपण तिघं एका गाडीतून घरी."

गाडी दक्षिणेच्या, टल्साच्या रस्त्याला लावलीय.